सेस्ना १७२ : विमान शिकायची इच्छा आहे पण भीती वाटते, त्यांच्यासाठी रिव्ह्यू

विमान उडवायला शिकायचंय पण नुसत्या विचारानं पोटात गोळा येतो, अशा माणसानं सुरुवात कुठल्या विमानावर करावी असं कोणी विचारलं तर माझं उत्तर सेस्ना १७२. हा रिव्ह्यू त्याच माणसासाठी आहे. या विमानाबद्दल ढीगभर लिहिलेलं सापडतं पण ते सगळं क्रूझ स्पीड किती, स्क्रीन कुठली, किंमत काय यावर असतं, घाबरलेल्या नवशिक्याला हे विमान कसं वागवतं ते कोणी नीट सांगत नाही आणि मला तर सुरुवातीला तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

मी कोल्हापूरची, घर शाहूपुरीत, आप्पांचं उद्यमनगरात मशीन शॉप. आपल्या गावाला विमानाचं अप्रूप आजचं नाही, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात १९३९ सालीच उजळाईवाडीचा विमानतळ सुरू झाला, म्हणजे देशाच्या स्वातंत्र्याच्या आधी. तरी घरात कोणी लहान विमानात बसलेलं नव्हतं. ट्रेनिंग मी घरापासून काही तासांवरच्या एका फ्लाइंग स्कूलला घेतेय, स्कूलचं नाव लिहीत नाही कारण रिव्ह्यू विमानाचा आहे. आमच्याकडं १७२ एस मॉडेल आहे, खाली जे आकडे देतेय ते त्याचे. तुमच्याकडं जुनं १७२ असेल तर त्या विमानाचं स्वतःचं हँडबुक उघडा, माझे आकडे घेऊन उडू नका.

आधी थोडक्यात ओळख. चार सीट, पंख वर, चाकं कायम बाहेर, पुढं एक इंजिन १८० हॉर्सपॉवरचं. पहिलं १७२ उडालं १९५५ मध्ये आणि तेव्हापासून ४४,००० च्या वर बनलीत, जगात दुसरं कुठलंही विमान इतकं बनलेलं नाही. नवशिक्याच्या दृष्टीनं याचा अर्थ एवढाच की या विमानाला जे काय होऊ शकतं ते सत्तर वर्षांत कुणाला ना कुणाला होऊन गेलंय आणि त्यावर काय करायचं ते हँडबुकात लिहून ठेवलंय. मला या गोष्टीनं लई धीर आला.

आता भीतीकडं येऊ. मी घरी सांगितलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न, "एकच पंखा हाय व्हय गं त्याला? आणि तो बंद पडला म्हंजे?" आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात नेमका हाच प्रश्न होता, फक्त मी तो कोणाला विचारला नव्हता. आप्पांनी मात्र इंजिनची माहिती मागितली. लायकमिंगचं आयओ-३६०, चार सिलिंडर समोरासमोर आडवे, एअर-कूल्ड, म्हणजे रेडिएटर नाही पाणी नाही, प्रॉपेलर थेट क्रँकशाफ्टवर, मधे गिअरबॉक्स नाही, फुल पॉवरला २७०० आरपीएम. आप्पा म्हणाले, "पोरी, एवढं मोठं इंजिन आणि एवढंच फिरवत्यात, म्हंजे जपून वापरलंय की." त्यानंतर ते मॅग्नेटोवर, म्हणजे स्पार्क प्लगला वीज देणाऱ्या भागावर, अडकले. दोन मॅग्नेटो, प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, आणि मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः तयार करतो, त्यामुळं बॅटरी गेली, अल्टरनेटर गेला, सगळ्या स्क्रीन काळ्या झाल्या तरी इंजिन चालूच राहतं. इंधनाच्या टाक्या पंखात, पंख वर, त्यामुळं पेट्रोल वजनानंच खाली येतं, तिथून पुढं इंजिनवरच चालणारा पंप ते इंजिनला देतो आणि त्याच्या जोडीला विजेचा एक पंप असतो. आई हे ऐकत होती, तिचं समाधान झालं असं नाही म्हणणार, पण त्या रात्री तिनं जेवताना पुन्हा विषय काढला नाही.

हे सगळं दर उड्डाणाआधी तुम्ही स्वतः तपासता, हा भाग भीती घालवायला सगळ्यात उपयोगी आहे असं माझं ठाम मत आहे. १७२ एसला इंधन तपासायचे तेरा ड्रेन आहेत, प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन. काचेच्या नळीत थोडं थोडं पेट्रोल काढून उजेडात धरायचं, निळसर दिसलं पाहिजे, खाली पाण्याचा थेंब नको, कचरा नको. टाकीत किती आहे ते गेजवर विश्वास न ठेवता पंखावर चढून काठी बुडवून बघायचं. मग रनवेवर जायच्या आधी १८०० आरपीएमवर एक मॅग्नेटो बंद, आरपीएम किती पडला बघायचं, मग दुसरा. १५० पेक्षा जास्त पडायला नको आणि दोघांत ५० पेक्षा जास्त फरक नको. आकडा बाहेर गेला तर परत पार्किंगला, त्यात वाद नाही, आणि तो निर्णय नवशिक्यानं घेतला तरी इन्स्ट्रक्टर ऐकतो. एवढं सगळं आपल्या हातानं केल्यावर सीटवर बसताना जी भीती उरते ती पहिल्या दिवशीच्या भीतीपेक्षा वेगळी असते, लहान असते, तिला काहीतरी आकार असतो.

आणि तरीही बंद पडलं तर? तर १७२ दगडासारखं खाली येत नाही, ते ग्लायडर होतं. ६८ नॉट, म्हणजे ताशी साधारण १२६ किलोमीटर, स्पीड धरायचा, आणि वारा नसेल तर दर हजार फूट उंचीला साधारण पावणेतीन किलोमीटर पुढं जातं. मी हे आईला आपल्या नकाशावर दाखवलं. उजळाईवाडीवर जमिनीपासून तीन हजार फूट वर असताना इंजिन थांबलं तर शिवाजी विद्यापीठ ओलांडून जवळजवळ रंकाळ्यापर्यंत पोचेल एवढी मजल आहे. माझ्या इन्स्ट्रक्टर सरांनी प्रॅक्टिसला थ्रॉटल, म्हणजे इंजिनची पॉवर कमीजास्त करायचा दांडा, पूर्ण मागं ओढलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की शांतपणे विचार करायला किती वेळ मिळतो. आधी स्पीड, मग शेत निवडायचं, मग वेळ असेल तर इंजिन परत चालू करायचा प्रयत्न, फ्युएल पंप ऑन, मिक्स्चर रिच म्हणजे हवेत पेट्रोलचं प्रमाण जास्त, इग्निशनची किल्ली बोथवर म्हणजे दोन्ही मॅग्नेटोंवर आहे का, मग रेडिओ. या क्रमानं. आमचा उडायचा भाग ऊसपट्ट्यातलाच, त्यामुळं शेत निवडणं हा मोठा धडा आहे. उभा ऊस वरून गालिच्यासारखा मऊ दिसतो पण तो माणसापेक्षा उंच असतो, त्यात उतरायचं नाही, गळीत हंगामात तोडलेलं रान शोधायचं, लांबी बघायची, उतार बघायचा, आणि विजेच्या तारा वरून दिसत नाहीत म्हणून खांब शोधायचे. आता मी एसटीनं सांगलीला जाताना पण खिडकीतून शेतं बघते की इथं उतरता येईल का, आणि त्यात भीती नाही, सवय आहे.

इंजिनवर विश्वास बसायला एक जुनी गोष्ट पण कामाला आली. डिसेंबर १९५८ मध्ये रॉबर्ट टिम आणि जॉन कुक या दोघांनी लास व्हेगासवरून एक १७२ उडवलं आणि ते फेब्रुवारी १९५९ मध्येच खाली उतरवलं, ६४ दिवस २२ तास १९ मिनिटं सलग हवेत. सरळ रस्त्यावर ट्रक पळवायचा, त्याच्यावर अगदी खाली विमान आणायचं, दोरीनं होज वर ओढून घ्यायची आणि पेट्रोल भरायचं. त्या वेळचं इंजिन वेगळ्या कंपनीचं होतं हे खरं, पण एवढं महिनोन्महिने चालू शकणारी गोष्ट माझ्या तासाभराच्या उड्डाणात बंद पडेलच असं धरून का बसायचं असा विचार मी केला आणि तो टिकला.

स्टॉलची भीती बहुतेकांना इंजिनपेक्षा जास्त असते, कारण शब्द ऐकून वाटतं की इंजिन बंद होणार. इंजिनचा काही संबंध नाही, पंखाचा हवेशी कोन फार वाढला की हवा पंखावरून सुटते आणि उचल कमी होते, एवढंच. १७२ इथं जे करतं त्यासाठी मी पूर्ण मार्क देते. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक आहे, स्टॉलच्या पाच ते दहा नॉट आधी तिथून हवा ओढली जाते आणि केबिनमध्ये पिपाणीसारखा आवाज सुरू होतो. वीज लागत नाही, नुसत्या हवेवर वाजतं. तपासायची पद्धत हँडबुकात दिलीय, स्वच्छ रुमाल त्या भोकावर ठेवायचा आणि हवा ओढायची, आवाज आला की हॉर्न बरोबर. मला ही चेक लई आवडते. मग वर गेल्यावर पॉवर कमी करून नाक उचलत नेलं की आधी कंट्रोल ढिले वाटायला लागतात, मग हॉर्न, मग अंगात थोडी थरथर, आणि मग नाक स्वतःहूनच खाली जातं. नाक थोडं खाली सोडायचं, फुल पॉवर, पंख सरळ, झालं, नीट केलं तर दोनअडीचशे फुटांत विमान परत उडतंय. म्हणून हे तीनचार हजार फुटांवर शिकवतात. मला पहिल्यांदा वर जाऊन स्टॉल करून बघायची इच्छाच नव्हती, सरांनी जोर केला नाही, त्यांनी आधी फक्त स्लो फ्लाइट, म्हणजे स्टॉलच्या जरा वरच्या स्पीडला उडणं, करून घेतली, हॉर्न वाजत असताना डावीकडं वळ, उजवीकडं वळ, असं बराच वेळ. त्या आवाजात राहायची सवय झाली आणि मग स्टॉल मीच मागितला. ज्यांना ही भीती आहे त्यांनी आपल्या इन्स्ट्रक्टरला हाच क्रम करायला सांगा, कोणी नाही म्हणत नाही.

ट्रिमबद्दल पण लिहायलाच पाहिजे. नवीन माणूस योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, घट्ट आवळून धरतो, सगळेच धरतात, कारण वाटतं आपण सोडलं तर हे पडणार. आणि आवळल्यामुळं विमान वरखाली होतं, आणि ते वरखाली होतं म्हणून आपण अजून आवळतो, हे चक्र एकदा सुरू झालं की तास संपेपर्यंत खांदे दुखतात. १७२ ला मधे एक ट्रिम व्हील आहे, स्पीड आणि उंची जमवायची, व्हील फिरवत जायचं, हाताला दाब लागायचा बंद झाला की हात सोडायचा. सर म्हणाले, "आता हात मांडीवर ठेवा आणि बाहेर बघा." विमान सरळ जात राहिलं. मुद्दाम नाक थोडं खाली ढकलून सोडलं तर दोनचार वेळा हळू वरखाली झुलून स्वतःच जागेवर आलं. हे विमान मुळातच उडायचं म्हणून बनवलंय, आपलं काम त्याला पाडण्यापासून वाचवणं नसून दिशा देणं आहे, हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं, मांडीवर ठेवलेल्या हातांनी कळलं.

धक्के. एप्रिल मे मध्ये आपल्याकडं सकाळी दहानंतर जमीन तापली की लहान विमान हलतं, चांगलंच हलतं. मोठ्या विमानातले लोक ज्याला काहीच नाही म्हणतील ते आपल्याला जाणवतं कारण पूर्ण लोड धरून हे फक्त ११५७ किलोचं आहे. पण विमान तुटायची भीती असेल तर आकडा लक्षात ठेवा, नॉर्मल कॅटेगरीत याची रचना ३.८ जी, म्हणजे वजनाच्या ३.८ पट भार, सहन करायला सर्टिफाइड आहे आणि दुपारच्या साध्या धक्क्यांत आपण त्याच्या जवळपासही जात नाही, अट एवढीच की धक्के जास्त असतील तर स्पीड कमी करून पूर्ण वजनाला १०५ नॉटच्या आत यायचं. पोट ढवळत असेल तर रिकाम्या पोटी जाऊ नका आणि तिखट मिसळ खाऊन तर अजिबात जाऊ नका, दोन पोळ्या किंवा केळं बरं पडतं. नजर लांब क्षितिजावर ठेवायची, खिडकी थोडी उघडायची. थोड्या दिवसांत अंग शिकतं.

उन्हाचा दुसरा परिणाम मात्र खरोखर गंभीर घ्या. कोल्हापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळपास दोन हजार फुटांवर आहे, तिथं पारा ३५ वर गेला की विमानाला हवा पाच हजार फुटांवरच्याइतकी विरळ लागते. इंजिन कमी ओढतं, पंख कमी उचलतात, रनवे जास्त लागतो, चढाई मंदावते. त्यात चार सीट आहेत म्हणून चार मोठी माणसं आणि फुल टाकी असा हिशोब केला तर वजन मर्यादेबाहेर जातं. नातेवाईक विचारतात, "आम्हाला कधी फिरवतीस?" तर याचं उत्तर आधी कागदावर वजन मांडून मगच द्यायचं.

रेडिओची भीती माझ्यासारख्या मराठी शाळेतून आलेल्यांना जास्त असते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. वाटतं टॉवरवाला फास्ट इंग्लिशमध्ये काहीतरी बोलणार, आपल्याला कळणार नाही, आणि फ्रिक्वेन्सीवरचे सगळे ऐकणार. पण तिथलं इंग्लिश म्हणजे गप्पांचं इंग्लिश नाही, ठरलेली वाक्यं आहेत, ठरलेल्या क्रमानं. कोणाला बोलतोय, मी कोण, कुठं आहे, काय पाहिजे. आपल्या विमानांचं नाव व्हीटीनं सुरू होतं, पुढची अक्षरं अल्फा ब्राव्हो चार्लीत. मी घरी गच्चीवर फेऱ्या मारत मोठ्यानं बोलायचे, डाउनविंड, बेस, फायनल, म्हणजे उतरायच्या आधी रनवेभोवतीच्या फेरीचे टप्पे, शेजारच्या काकू विचारायच्या पोरगी कुणाशी बोलतीय. नाही कळलं तर "से अगेन" म्हणायचं, यात कमीपणा काही नाही, उलट टॉवरला तेच पाहिजे असतं, न कळता हो म्हणणारा त्यांना नको असतो.

लँडिंगला सगळ्यात जास्त वेळ लागतो, तो लागू द्या. १७२ ची मागची चाकं स्प्रिंग स्टीलच्या पायांवर आहेत, विद्यार्थ्यांचे दणके खाऊन खाऊन हे विमान मोठं झालंय. फायनलला फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा, टाकून साठ ते सत्तर नॉट, नजर रनवेच्या पार टोकाला, आणि जमलं नाही तर फुल पॉवर देऊन परत वर. गो-अराउंड म्हणजे नापास होणं नाही, ज्या शाळेत गो-अराउंड केल्यावर विद्यार्थ्याला बोलतात तिथून मी तरी पोराबाळांना काढून घेईन.

आता काय आवडलं नाही ते. वळताना वरचा पंख खाली येतो आणि नेमकी ज्या बाजूला वळायचंय तीच बाजू झाकतो, म्हणून वळायच्या आधी पंख किंचित उचलून बघायची सवय लावावी लागते, डायमंड डीए-४० सारख्या पंख खाली असलेल्या विमानांत ही अडचण नाही. केबिन अरुंद आहे, इन्स्ट्रक्टर धिप्पाड असेल तर खांद्याला खांदा लागतो. मे महिन्यात टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेताना, अक्षरशः भट्टी, एसी नसतो. आवाज भरपूर, चांगला हेडसेट नसेल तर उतरल्यावर डोकं भणभणतं. आणि सीट, सेस्नात सीट मागंपुढं रुळावर सरकते, रूळ झिजले की पिन नीट बसत नाही हा जुना माहीत असलेला विषय आहे, टेकऑफला सीट मागं सरकली तर हात योकसकट मागं जातात. म्हणून बसल्यावर सीट जोरात हलवून पिन बसलीय ना बघायचं, प्रत्येक वेळी. इन्स्ट्रक्टरनं आठवण केली नाही तरी.

खर्च, तासाला पाच आकडी. प्रायव्हेट लायसन्सला कमीत कमी ४० तास, बहुतेकांना जास्त लागतात. वय स्टुडंट लायसन्सला १६, प्रायव्हेटला १७. मेडिकल क्लास टू, चष्मा आहे म्हणून कोणी आपोआप बाद होत नाही, पण पैसे भरायच्या आधी मेडिकल करून घ्या, हा क्रम उलटा करू नका. दोन सीटचं सेस्ना १५२ मिळालं तर तासाचा दर बहुधा कमी पडतो, ११० हॉर्सपॉवर आहे, शिकायला ते पण उत्तम, फक्त आपल्या उन्हात आणि उंचीवर दोन वजनदार माणसं घेऊन ते रडत चढतं. ज्याला परवडतं आणि ज्याला भीती जास्त आहे त्यानं १७२ घ्यावं.

स्कूल निवडताना विमान चकचकीत आहे का बघू नका, मेंटेनन्सचं लॉगबुक बघायला मागा, दाखवतात का बघा. इन्स्ट्रक्टर सारखे बदलतात का विचारा, घाबरणाऱ्या माणसाला एकच शिक्षक फार महत्त्वाचा, कारण कुठं अंग आखडतं हे त्याला माहीत होतं. पहिला तास शक्य असेल तर सकाळी साडेसहा-सातचा मागा, दव पडलेलं असताना, हवा थंड आणि जड असते, विमान पटकन उचलतं आणि लोण्यातून चालल्यासारखं जातं. आपल्या भागात जून ते सप्टेंबर ढग आणि पावसानं तासामागून तास कॅन्सल होतात, मधे खंड पडला की गेलेली भीती परत येते आणि पैसेही जातात, त्यामुळं सुरुवात दसऱ्यानंतर करा आणि फेब्रुवारीपर्यंत जमेल तेवढं सलग उडून घ्या.